दाखवण्याच्या दिवशीचा दमा

विशाखाचं डोकं आदल्या दिवसापासूनच तापलेलं होतं. मनकर्णाताईला पाहायला लकडगंजहून पाहुणे यायचे, म्हणून प्रयागआत्यानं भिंतींना चुना लावून घेतला, गाद्या झटकून घेतल्या. कोणाकडून? दमा असलेल्या ताईकडूनच! वर ताकीद, "पाहुण्यांसमोर खोकलीस तर पाहा! दमेवाली पोरगी कोण करून घेते गा, आनंदा?"

बाबांनी मान डोलावली. मोठ्या बहिणीपुढे त्यांना तेवढंच जमायचं.

ताईच्या गोळ्यांची बाटली आत्यानं पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पाहुण्यांना दिसायला नको ना!

दुपारी मुलगा, त्याचे काका आणि आई जिजाबाई आले. अगरबत्तीच्या धुरात ताई पाटावर बसली.

"नाव काय वं बाई?" जिजाबाईंनी विचारलं.

"मन... कर्णा."

"शिकली किती?"

"मॅट्रिक."

"सैपाकात काय काय येते?"

"सगळं."

"मोठी लाजरी आहे पोरगी!" जिजाबाई खूश झाल्या. "नाहीतर आजकालच्या, विचारलं एक तं सांगतात दहा!"

आत्या फुलून आली.

लाजरी? दारात उभ्या विशाखाच्या अंगाची लाही झाली. ताईनं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते, खांदे कानांपर्यंत चढले होते. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता आणि बारीक शिट्टी वाजत होती. नखं जांभळी दिसायला लागली होती. डॉक्टरांनी विशाखाला बजावून ठेवलं होतं, एक वाक्य सलग बोलता आलं नाही की गोळी द्यायची, नखं-ओठ निळे पडले तर घरी थांबायचंच नाही.

"आत्या, किल्ली दे."

"चूप! पाहुणे जाऊ दे."

"लाजून नाही राहिली ते!" विशाखा किंचाळलीच. "दम लागून राहिला तिले! मरून जाईल ना वं!"

विशाखानं अगरबत्ती तांब्यातल्या पाण्यात बुडवली, खिडकी धाडकन उघडली, ताईच्या गळ्याभोवतीचा पदर सैल केला.

"आडवी करा तिले," मुलाचे काका म्हणाले.

"आडवी नाही करायची! बसू द्या. पुढं वाकून बस, ताई. मी धरते."

आत्या अजून कमरेवर हात दाबून उभी! विशाखानं किल्ली हिसकावली, पेटी उघडून ताईला गोळी दिली आणि ओरडली, "बाबा, रिक्षा आणा!"

बाबा आत्याकडे पाहू लागले.

"तिच्याकडे काय पाहून राहिले? ताईकडे पाहा!"

बाबांनी पाहिलं आणि अनवाणीच धावत सुटले.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेत सावकाश इंजेक्शन दिलं. पाऊण तासानं ताईचे खांदे खाली आले. गोळ्या कुलपात होत्या हे कळल्यावर डॉक्टर बाबांना असे बोलले की बाहेर बसलेले पेशंटही दारातून डोकावू लागले. विशाखाला मात्र तेही कमीच वाटलं.

बाबा खाली मान घालून पुटपुटले, "पाहुणे गेले असतील आता."

"जाऊ द्या," ताई भिंतीला टेकून म्हणाली. तिच्या आवाजातला राग विशाखानं आजवर ऐकला नव्हता. "यापुढं कोणी आलं तं पहिले दमा सांगा. मंग पोहे द्या."

बाबांनी मान डोलावली.

"मान नका हलवू," विशाखा म्हणाली. "घरी जाऊन आत्याले सांगा. तुम्हीच सांगा, माझ्यासमोर."