मागं टायर हाय, मागंच येणार

तापलेल्या रबराचा वास.

डावीकडचा फुटका आरसा.

खाचेत अडकलेली झेंडूची पाकळी.

"गोण्या बघ गं!"

शिट्टी.

मैदानाचं शेवटचं वळण. आणि एक मान, वळू की नको अशी.

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. वरचे तुकडे माझ्याच आयुष्याचे आहेत. आयुष्यभर गोल फिरलो, त्यामुळे सरळ सांगायची मला सवय नाही. तरी सांगतो.

कारखान्याच्या साच्यातून बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर बोटभर खोल नक्षी होती. पिंपळगाव बसवंतच्या सोमनाथने मला टेम्पोच्या मागच्या चाकावर चढवलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, माझ्यापुढे नारळ फोडला. चांदवडहून कांदा आणायचा, हंगामात द्राक्षाचे क्रेट वाहायचे, हे आमचं काम. निघण्याआधी सोमनाथ मला टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी पहारीने, ठोकून बघायचा. टणक आवाज आला की म्हणायचा, "वाघ हाय, वाघ!"

मी खरंच वाघ होतो.

केबिनमध्ये त्याची मुलगी बसायची. सृष्टी. शाळेला सुट्टी असली की ती टेम्पोवरच. तिला एकच काम होतं. खिडकीतून मान बाहेर काढायची आणि मागे बघायचं. दोर सैल झाला का? गोणी सरकली का? डावीकडचा आरसा फुटला होता, आणि सोमनाथला आरसा बसवण्यापेक्षा मुलगी बसवणं सोपं वाटलं. घाट आला, "गोण्या बघ गं!" खड्डा आला, "गोण्या बघ गं!" वळण आलं की तिची मान आपोआप मागे जाऊ लागली. सांगावंही लागेना.

(हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.)

मग मी गोटा झालो. नक्षी झिजून गुळगुळीत. सोमनाथने मला पाण्याच्या टाकीमागे टाकलं. गाळात अर्धा रुतलो. पोटात पाणी साचलं, त्यात डासांनी संसार थाटला. मला वाघ म्हणणारा माणूस माझ्यावर पाय ठेवून चपला धुवायचा.

गोष्ट इथे संपत नाही.

सृष्टी मोठी झाली. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीत मुलींना आठशे मीटर धावायचं असतं. पहिल्या भरतीत ती छान पळत होती. शेवटच्या वळणावर मागे पावलं वाजली आणि तिची मान वळली. तेवढ्यात पाऊल अडखळलं, दोघी पुढे गेल्या. तेवढ्याने निवड हुकली.

तिची आई उज्वला झेंडू पिकवते आणि हातगाडीवर विकते. ती म्हणाली, "अजून एक भरती. नाय झालं तर माझ्यासंगं गाडीवर बसायचं. हार गुंफायला काय वर्दी लागत नाय."

"झालंच बघ," सृष्टी म्हणाली, आणि टाकीमागे आली.

तिने मला गाळातून काढलं, धुतलं, टेम्पोच्या जुन्या दोराने कमरेला बांधलं. द्राक्षबागेच्या कडेच्या गाडीवाटेवर ती पळायची, मी तिच्यामागे घासत यायचो. मित्रांनो, मला पुन्हा काम मिळालं होतं! पण दर वळणावर तिची मान मागे. टायर अडकला का? दोर सुटला का?

एका सकाळी टेम्पो पुसता पुसता सोमनाथ ओरडला, "सृष्टे, मागं काय बघती? टायर हाय तो. मागंच येणार!"

"अहो, सवय कुणी लावली?" टोपलीत फुलं भरता भरता उज्वला म्हणाली. "गोण्या बघ, गोण्या बघ! पोरीच्या मानेला बिजागरी बसवली तुम्ही."

त्याच दिवशी सोमनाथने डावीकडे नवा आरसा बसवला आणि लेकीला दाखवला. "हे बघ. टेम्पोला आरसा हाय. तुला नाय. तू पुढं बघ."

सांगणं सोपं असतं. मान ऐकत नव्हती. मग सृष्टीने स्वतःच एक रीत काढली. दोर ताठ असेल तर कमरेला ओढ लागते. ओढ आहे म्हणजे मी आहे. अडकलो तर हिसका बसेल, सुटलो तर हलकं वाटेल. बघायची गरजच काय? ती नजर समोरच्या बाभळीवर ठेवायची आणि मला कमरेने ओळखायची. मान वळलीच तर ती फेरी पुन्हा पहिल्यापासून. न रडता, न चिडता. बाभूळ ठरलेली, नजर ठरलेली. हळूहळू मान विसरली. माझं अंग घासून आणखी पातळ झालं, पण त्याचं मला काही नाही.

भरतीच्या दिवशी सोमनाथने मलाही टेम्पोत टाकलं. "सोबतीला," म्हणाला.

"आता टायरचं पण हॉलतिकीट काढा!" उज्वला म्हणाली.

मी मैदानाबाहेर टेम्पोत पडून होतो. आत शिट्टी वाजली. पुढचं सृष्टीने परत येताना माझ्यावर बसून आईला सांगितलं. शेवटचं वळण आलं. कमरेला दोर नव्हता, ओढ नव्हती. मागे पावलं वाजली. मान वळायला निघाली. "मग मला वाटलं, मम्मी, मागं कुणीतरी पळतंय, म्हणजे मी पुढं हाय की! मागचं मागंच येणार." समोर बाभूळ नव्हती, तिने नजर झेंड्याच्या काठीवर धरली आणि हलवली नाही.

आता ती शहरातल्या द्वारका चौकात वाहतूक सांभाळते. चारी बाजूंनी भोंगे, रिक्षा, टेम्पो. ती गडबडत नाही. परवा तिने एक टेम्पो बाजूला घेतला आणि चालकाला म्हणाली, "पप्पा, आरसा किती मळलाय. पुसा आधी."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. गोटा झालेल्या टायरला होळीत जाळू नका, त्याच्या पोटात पाणी साचू देऊ नका. धुवा, दोर बांधा, ओढा. आणि ओढताना मागे बघू नका. आम्ही येतो.

आणि लगेच नाही आलो तरी सोडू नका: पहिल्या दिवशी सृष्टीने सगळा जोर लावला होता, तेव्हा मी गाळातून तसूभरही हललो नव्हतो.