किल्ली काढल्यावर

मुलीने आणलेलं ते यंत्र काडेपेटीएवढं होतं आणि त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं.

त्याचं काम एकच. मोटारसायकलला जोडलं की गाडी कुठे आहे ते मुलीला तिच्या फोनवर नकाशात दिसतं. गाडी आणि गाडीवरचा म्हातारा, दोघंही.

"हे चोरांसाठी असतं ना?" मी विचारलं.

"चोरांसाठीच. न सांगता दुपारी घरातून पळणाऱ्या."

गेल्या महिन्यात मी फोन घरी विसरलो, वाटेत चाक बसलं, आणि गाडी ढकलत घरी यायला दिवेलागण झाली. तोवर पोरीने चार दवाखाने पालथे घातले होते. तिची आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. दारात मला बघून ती आधी रडली आणि मग जे बोलली ते इथे लिहीत नाही. त्यानंतर तिने निकाल दिला. यंत्र बसवायचं आणि ते नीट चालायला हवं, नाहीतर गाडी विकायची. जावयाच्या ऑफिसातलं गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार होतं.

मला गाडी विकायची नव्हती. दुपारी तीननंतर मला घरात बसवत नाही. कारण एवढंच, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून बसवतो म्हणालो.

जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? कोपऱ्यावरचा तो दिवेवाला अर्ध्या तासात करून देईल."

त्याला आम्ही झगमग म्हणतो. दुकानात इतके रंगीत दिवे की डोळे दुखतात. गेलो त्याच्याकडे. त्याने माझ्यासमोर एका पोराच्या गाडीचा हॉर्न जोडला. वायर दाताने सोलली, दोन पीळ दिले, वर टेप गुंडाळली, झालं.

"झाळ नाही मारत? सोल्डर?" मी विचारलं.

"काका, टेप कंपनीची आहे."

"आणि फ्यूज?"

"काका, तुम्ही फार विचार करता."

मी तीस वर्षं पत्रे दाबायच्या प्रेसची वायरिंग सांभाळली आहे. दाताने वायर सोलणाऱ्याच्या हातात मी टॉर्चसुद्धा देणार नाही. यंत्र खिशात घालून परत आलो.

बुधवारी सकाळी गाडी अंगणात घेतली. साइड कव्हरचा एक स्क्रू गंजून बसला होता. त्याच्यावर पाऊण तास गेला. मग सीट काढलं. सीटच्या खालच्या पट्टीत दोऱ्यांचा गुंता निघाला. निळे, खाकी, थोडे गुलाबी. ही, म्हणजे पोरीची आई, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती. सुट्टी झाली की अंगभर दोरे घेऊन बाहेर यायची. मी रोज ओरडायचो, "झटक ते, साखळीत जातील." ती रोज म्हणायची, "झटकले." आणि मागे बसली की रोज असायचेच. गुंता टाकून द्यायला उठलो आणि पान्यांच्या डब्यात ठेवला.

यंत्राबरोबर एक चिठोरं होतं. अक्षर मुंगीएवढं. भिंगातून वाचलं. काळी वायर बॅटरीच्या उण्याला. पिवळी किल्लीच्या वायरला. आणि लाल थेट बॅटरीच्या अधिकाला.

इथे माझं बिनसलं. लाल थेट बॅटरीला जोडायची म्हणजे किल्ली काढली तरी यंत्र जिवंत राहणार. आमच्या खात्यात एकदा असंच झालं होतं. कोणीतरी एक वायर किल्लीला वगळून थेट जोडून ठेवली होती. मुकादमाने किल्ली काढली, खिशात टाकली, साफ करायला हात आत घातला, आणि प्रेस खाली आली. दोन बोटं गेली. ती मीच कागदात गुंडाळून दवाखान्यात नेली. त्या दिवसापासून माझा एकच नियम. किल्ली काढली की सगळं मेलं पाहिजे. घरातही झोपायच्या आधी मी सगळी बटणं तपासायचो. ही म्हणायची, "तुमचं चाललं तर रात्री माणसांचीही किल्ली काढून उशाशी ठेवाल."

मी लाल आणि पिवळी दोन्ही किल्लीच्या वायरला जोडल्या. टेस्टर लावून पाहिलं, झाळ मारली, नळी चढवली, मध्ये फ्यूज दिला. किल्ली फिरवली, यंत्राचा हिरवा दिवा लागला. काढली, विझला. असं काम झगमगच्या बापाच्याने व्हायचं नाही.

गुरुवारी पोरीने तिच्या फोनवर नकाशा सुरू केला आणि मी भाजी आणायला गेलो. गाडी लावली, किल्ली काढली, कोथिंबिरीच्या जुडीला हात घालतो तो फोन.

"बाबा, गाडी चोरीला गेली का?"

"समोर उभी आहे."

"मला 'वीज तोडली' असा संदेश आला. लाल रंगात. आणि तुम्ही नकाशावरून गायब झालात!"

"किल्ली काढली, म्हणून."

"मग किल्ली काढू नका!"

भाजी घेतली. पुढे पिठाच्या गिरणीत थांबलो, फोन. न्हाव्याकडे बसलो, अर्धी दाढी झाली, फोन. तोंडाला फेस होता म्हणून उचलला नाही. वीस मिनिटांत जावई हेल्मेटसकट न्हाव्याच्या दारात, धापा टाकत. संदेश त्यांच्याही फोनवर जात होता.

"बाबा, मीटिंग सोडून आलो."

"आलाच आहात तर दाढी करून घ्या," मी म्हणालो. न्हावी हसला. जावई हसले नाहीत.

रात्री पोरीने फोनवर चिठोरं वाचून दाखवलं, जसं काही मला वाचता येत नाही. "लाल वायर बॅटरीला असं स्पष्ट लिहिलंय."

"लिहिणाऱ्याची बोटं शाबूत असतील."

"बाबा, ती प्रेस नाहीये, मोटारसायकल आहे! तिच्यात कोण हात घालतंय?"

"नियम म्हणजे नियम."

"ठीक आहे. रविवारी गिऱ्हाईक येतंय. हा पण नियम." आणि ठेवला.

आई गेल्यापासून ती अशीच बोलते. मीही तसाच बोलतो. मध्ये बसून दोघांना गप्प करणारं माणूस राहिलं नाही.

शुक्रवारी साडेतीनच्या सुमाराला फोन आला, तो मी उचललाच नाही. शनिवारी त्याच वेळेला आलाच नाही. मी गाडी नेहमीच्या जागी लावली होती, रस्त्याकडेच्या ट्रकच्या वजनकाट्याच्या भिंतीला, सावलीत. किल्ली खिशात. भिंतीवर बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटांनी पोरीची स्कूटर समोर येऊन थांबली. उतरताच फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघा. गुरुवारी साडेतीनला इथे गायब, पाचला हजर. काल तेच. आज पुन्हा इथेच. असं काय आहे इथे? कोणाला भेटता? पत्ते खेळता का? मला सांगितलं असतं तर..."

तेवढ्यात रस्त्यापलीकडचं कारखान्याचं फाटक पुन्हा उघडलं आणि मागे राहिलेल्या पाच-सात बायका डबे हलवत बाहेर पडल्या. एकीच्या खांद्यावर पांढरा दोरा लोंबत होता. पोरगी बोलता बोलता थांबली. लहानपणी तीही माझ्या पुढ्यात गाडीच्या टाकीवर बसून यायची, या भिंतीपाशी आईची वाट बघायला. शाळा लवकर सुटली की हट्ट धरायची.

तिने फोन पर्समध्ये टाकला. मग भिंतीवर माझ्या शेजारी बसली.

"आईची सुट्टी साडेतीनला व्हायची ना?"

"हो."

"मग पाचपर्यंत का थांबता?"

"कधीकधी ओव्हरटाइम असायचा."

तिने ओढणी तोंडाला लावली. मी फाटकाकडे बघत राहिलो. वजनकाट्यावर एक ट्रक चढला, उतरला. ड्रायव्हर आणि काटेवाला कशावरून तरी भांडत होते.

"इथे बसलेले दिसलात तर मी कशाला फोन करीन हो?" ती शेवटी म्हणाली. "बसा की. रोज बसा. पण दिसेनासे होता, तेव्हा माझा जीव जातो. आईचंही तसंच झालं. सकाळी बोलली आणि दुपारी नाही."

मला हे सुचलं नव्हतं. मी आपला किल्लीचा विचार करत होतो.

"गिऱ्हाईकाचं काय?" मी विचारलं.

"आधी वायर जोडा. मग बघते."

घरी येऊन पुन्हा तो गंजका स्क्रू. या वेळी तेल सोडून ठेवलं होतं, तरी दहा मिनिटं खाल्लीच. लाल वायर सोडवली आणि थेट बॅटरीला नेली. जोडापासून चार बोटांवर आधी तिचा वेगळा फ्यूज बसवला, सगळ्यात लहान मिळाला तो. दोनदा जोडता जोडता थांबलो, खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत मुद्दाम असं कधी केलं नव्हतं. किल्ली काढली. हिरवा दिवा चालूच राहिला. मीटर लावून पाहिलं, यंत्र किती ओढतं ते. आकडा इतका बारीक की दोन-तीन आठवडे गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी मरायची नाही. पण शून्य नव्हता. मग साइड कव्हर लावलं.

रविवारी गिऱ्हाईक आलं नाही. पोरीने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. जावई एवढंच म्हणाले, "बाबा, सुटलो. माझ्या फोनवरचं ते काढून टाकलंय."

सोमवारी भिंतीला गाडी लावली, किल्ली काढली, बसलो. साडेतीनला दोन मिनिटं होती. फोन वाजला. माझ्या डोक्यात तिडीक उठली. आता काय तोडलं मी?

"काय झालं?"

"काही नाही. दिसताय."

"मग? तेवढं सांगायला फोन?"

"भिंतीच्या जरा अलीकडे दिसताय. उन्हात बसलाय का?"

"तुझं यंत्र खोटं बोलतंय. सावलीत आहे मी."

"टोपी घातलीय?"

"ती नकाशात दिसत नाही वाटतं?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. तिच्या मागे ऑफिसात कोणीतरी तिला हाका मारत होतं, तरी ती ठेवेना.

"ठेव आता," मी म्हणालो. "सुट्टीचा भोंगा व्हायची वेळ झाली."