अठ्ठावीस खिसे आणि एक वाकडी ओळ

मित्रांनो, तुमच्या सदऱ्याला किती खिसे आहेत? एक, फार तर दोन. मला मोजून अठ्ठावीस आहेत. मी भिंतीवर टांगायचा एक जुना कापडी तक्ता, आणि माझ्या खिशांत इंग्रजीची कार्डं राहतात.

माझा जन्म शिवणाच्या दुकानात झाला. जाड निळं कापड, त्यावर अर्ध्या उंचीचे पिवळे खिसे, सात ओळी, प्रत्येक ओळीत चार. मला शिवलं बाईंच्या धाकट्या बहिणीने. बाई म्हणजे छापखान्याच्या माडीवर रोज सकाळी सात वाजता मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या. त्यांचा पहिला वर्ग सुरू व्हायचा होता, म्हणून बहिणीने गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून तीन दिवसांत मला पुरं केलं. त्या घाईत माझी सातवी ओळ जराशी वाकडी आली.

बाईंची नजर म्हणजे आधी चुकीवर जाणारी. सगळ्या वर्गासमोर त्यांनी मला उलगडलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “खालची ओळ वाकडी गेलीय गं.”

बहीण दारात उभी होती. “तुला माणसातसुद्धा आधी चूकच दिसते,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. ती पुन्हा माडीवर आली नाही, आणि बाईही तिच्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. आपल्या एका ओळीपायी सख्ख्या बहिणींनी अबोला धरावा, याचं मला फार वाईट वाटे. पण तक्त्याने बोलून दाखवायचं तरी कसं?

काम मात्र मी मन लावून केलं. पहिल्या खिशात माणूस, दुसऱ्यात पूर्ण वर्तमानकाळाचं क्रियापद, तिसऱ्यात कुठे किंवा कुणाशी, चौथ्यात कधीपासून. ‘आय’, ‘हॅव लिव्ह्ड’, ‘इन धिस लेन’, ‘सिन्स मार्च’. जे मागे कधीतरी सुरू झालं आणि आजही चालूच आहे, तेवढंच माझ्यावर लावायचं. ‘यस्टर्डे’चं कार्ड तर बाईंनी पेटीत ठेवलंच नव्हतं.

बाईंचा आणखी एक नियम होता. वाक्य स्वतःबद्दलचं आणि खरं हवं, आणि ते खरं असेल तोवरच तक्त्यावर राहील. ज्या दिवशी ते खोटं ठरेल, त्या दिवशी ज्याचं त्याने येऊन उतरवायचं. एका नर्सबाईचं ‘जूनपासून वसतिगृहात राहते आहे’ या अर्थाचं वाक्य दोन वर्षं माझ्यावर होतं. हक्काच्या दोन खोल्या मिळाल्या त्या सकाळी ती धापा टाकत जिना चढली, आधी कार्डं उतरवली आणि मग सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. त्या दिवशी माझ्या कापडाला नवी खळ दिल्यासारखं वाटलं.

माझे लाडके विद्यार्थी म्हणजे बेकरीवाले काका. दूरदेशी असलेल्या नातीशी फोनवर बोलता यावं म्हणून ते शिकायला येत. भट्टीवरून थेट यायचे, कोपरापर्यंत पीठ. किती काळ ते ‘फॉर’ने आणि कधीपासून ते ‘सिन्स’ने सांगायचं, या भेदाने त्यांना पार जेरीस आणलं होतं. “आपल्याकडे एका ‘पासून’मध्ये भागतं. यांना दोन-दोन कशाला लागतात?” ते कुरकुरत. मध्यंतरी वर्गात लिहिता-पुसता येणारा विजेचा चकचकीत पडदा आला आणि चार महिने मी कपाटामागे धूळ खात पडलो. तेव्हा काकांनीच मला बाहेर काढायला लावलं. “त्या पडद्यावरचं पुसलं की गेलं,” ते म्हणाले. “आमचं वाक्य रोज येऊन बघता आलं पाहिजे.”

सातव्या ओळीत ‘या खोलीत शिकवत आले आहे’ या अर्थाचं बाईंचं स्वतःचं वाक्य असे. ‘आय’, ‘हॅव टॉट’, ‘इन धिस रूम’, आणि शेवटी वर्षांचं कार्ड. दरवर्षी त्या तेवढं एक कार्ड बदलत. असं करत ते ‘फॉर इलेव्हन इयर्स’वर आलं.

काकांना एक खोड होती. ते आपला जाडजूड चष्मा माझ्या त्याच ओळीतल्या तिसऱ्या खिशात अडकवत. एक दिवस टर्रकन आवाज झाला आणि खिसा उसवला. बाईंनी सेफ्टी पिन लावली. पिन गंजली, कापडाला तांबडा डाग पडला, भोक मोठं झालं.

काकांना राहवेना. “बाई, दोन टाक्यांचं काम आहे. शिवणारं ओळखीचं कुणी नाही का?”

“आहे,” बाई म्हणाल्या, “पण नको.”

“का?”

“अकरा वर्षं झाली, बोलणं नाही.”

काकांनी पिनेवरचा गंज नखाने खरवडला. मग म्हणाले, “आमच्याकडून घरातलं खरं वाक्य घेता. स्वतःचं मात्र वर्गातलंच लावता.”

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत त्या आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ‘फॉर इलेव्हन इयर्स’ तसंच ठेवलं. मधली दोन कार्डं काढली आणि त्या जागी ‘हॅव नॉट स्पोकन’ आणि ‘टू माय सिस्टर’ लावली. दुसरं कार्ड त्या पिनेच्या खिशातच गेलं.

वर्ग भरला. सगळ्यांनी वाक्य वाचलं. शेवटी काकांनी चष्मा पुसला. “कार्डं बरोबर लागलीत, बाई. उतरवायचं कधी?”

बाईंनी वर्ग तिथेच सोडला. मला खिळ्यावरून काढलं, कार्डांसकट गुंडाळलं आणि काखोटीला मारून थेट शिवणाच्या दुकानात नेलं. बहीण मशीनवर होती. तिने आधी बाईंकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“पिन कुणी लावली?”

“मी.”

“तरीच.” तिने कार्डांवरून बोट फिरवलं. “‘सिस्टर’ तेवढं कळलं. बाकी काय लिहिलंय?”

बाईंनी अर्थ सांगितला.

“आता बोलतेयस ना माझ्याशी?”

“हो.”

“मग खोटं झालं की ते. काढ ती कार्डं, मला टाका घालू दे.”

बाईंनी कार्डं काढली. मित्रांनो, सुई टोचते हे खरं, पण त्या सुईची मी अकरा वर्षं वाट पाहत होतो. टाके घालून झाल्यावर बहिणीने विचारलं, “हातासरशी ओळ सरळ करू का?” बाई म्हणाल्या, “राहू दे. मला सवय झालीय.” मग दोघी हसल्या.

आता बहीणही वर्गाला येते. आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने सातव्या ओळीत ‘इथे शिकते आहे’ या अर्थाचं आपलं पहिलं वाक्य लावलं, आणि शेवटी टाकलं ‘सिन्स टू डेज’. बेकरीवाल्या काकांनी लगेच हात वर केला. ही चूक त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. बाईंनी डोळ्यांनीच त्यांना हात खाली घ्यायला लावला आणि त्या फळ्याकडे वळल्या. तास संपेपर्यंत ते चुकीचं कार्ड माझ्या खिशात ऐटीत बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी बहिणीने ते स्वतःच बदललं.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्या खिशांत चष्मे अडकवू नका. काही उसवलंच तर पिन लावून वर्षं काढू नका, जिला शिवता येतं तिच्याकडे घेऊन जा. माझी सातवी ओळ अजूनही वाकडीच आहे, आणि तिच्यात आता दोघी आळीपाळीने वाक्यं लावतात.