मातीतला ताप

"फ्रिजमध्ये? अहो सिस्टर, जंतू आहेत ते, आइसक्रीम नव्हे!"

जंतूबाईंचा आवाज वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि कण्हणारे पेशंटही घटकाभर कण्हायचे थांबले. बाईंच्या हातात रक्ताची एक गार पडलेली बाटली होती आणि समोर नवी सिस्टर मान खाली घालून उभी होती. बिचारीचं तरी काय चुकलं म्हणा! तपासणीचं रक्त लगेच लॅबला गेलं नाही तर फ्रिजमध्ये ठेवायचं, असंच ती शिकून आलेली. पण ही होती कल्चरची बाटली. रक्तात जंतू असले तर त्यांना हिच्यात खाऊपिऊ घालून वाढवायचं, म्हणजे ताप कुणामुळे आला ते कळतं. त्याला लागते ऊब. रात्रभर गारठून जंतू मेले, की लॅबवाले बापडे लिहून मोकळे: काही सापडलं नाही.

"चुकलं बाई," सिस्टर पुटपुटली.

"चुकलं ना? मग चला. पेशंटच्या शिव्या दोघी मिळून खाऊ."

बाईंची उभी हयात या इस्पितळाच्या लॅबमध्ये गेली होती. खरं नाव कधीच मागे पडलं. आजूबाजूच्या सगळ्या गावांना त्या जंतूबाई म्हणूनच ठाऊक. त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट फोनवर त्याच ठणकावून सांगत, "जंतूबाई बोलतेय, बोला!" गेल्या वर्षभरापासून त्या आणि डॉक्टर एकाच जंतूच्या हात धुऊन मागे लागले होते. हा राहतो चिखलात, साचलेल्या पाण्यात. पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या कातडीतून आत शिरतो आणि रक्तात उतरतो. अंगात साखर असलेला माणूस दिसला की त्याला जास्तच चेव येतो. मेलिऑइडोसिस! डॉक्टरांनी पहिल्यांदा हे नाव सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "एवढं नाव घेईपर्यंत पेशंट जायचा की हो!" आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कधी न्यूमोनियाचं, कधी टायफॉइडचं, कधी टीबीचं सोंग घेऊन हा ताप येतो. ओळखला तर माणूस हिंडूफिरू लागतो, नाही ओळखला तर हातचा जातो. म्हणून दोघांनी ठरवून टाकलं होतं, तापानं भरती झालेल्या प्रत्येकाचं रक्त कल्चरला लावायचंच.

गार पडलेली बाटली होती नळवाल्याची. घरोघरी नळ जोडून देणारा, पन्नाशीतला दणकट गडी. पण साखर वाढलेली आणि अंगात ताप फणफणत होता. सुई बघून त्यानं डोळेच वटारले.

"पुन्हा रक्त? कालचं काय पिऊन टाकलंत?"

"हो, दोघींनी निम्मं निम्मं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडून घोळ झाला, दादा. बाटली गार पडली. काय बोलायचं ते बोला, पण हात पुढे करा."

नळवाल्यानं हात पुढे केला आणि बोलायचं तेही बोलून घेतलं. सिस्टरचे कान लाल झाले. बाईंनी मात्र शांतपणे रक्त काढलं आणि बाटली पदराखाली धरून लॅबमध्ये नेली, तान्ह्या बाळाला न्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शनांनी नळवाल्याचा ताप जरा उतरला. झालं! "बरा झालो मी. तुमच्या सुयांना कंटाळलो," म्हणून स्वारी निघाली. डॉक्टर थांबा, थांबा म्हणत राहिले. यानं 'स्वतःच्या जबाबदारीवर जातो' म्हणून सही ठोकली आणि घर गाठलं.

आणि मग बाटलीत जंतू वाढला. बाईंनी तो प्लेटवर घेतला. काचेच्या बंद पेटीत हात घालून त्या रोज बघत होत्या. सुरुवातीला गुळगुळीत दिसणारे ठिपके हळूहळू सुकलेल्या फळासारखे सुरकुतले. बाईंची खात्री पटलीच होती, शहरातल्या मोठ्या लॅबनंही फोन करून तेच सांगितलं. खोटं कशाला बोला, बाईंना आधी आनंद झाला. एवढे दिवस ज्याच्यामागे फिरल्या तो चोर मुद्देमालासकट सापडला होता! दुसऱ्याच क्षणी त्या डॉक्टरांकडे धावल्या. चोर सापडला, पण तो ज्याच्या घरात घुसलाय तो माणूस कुठाय?

"फोन उचलत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "साध्या औषधानं हा जंतू मरत नाही. पुन्हा उसळला तर नळवाला इथवर पोचेल की नाही, याची मला शंका आहे. मी जाऊ का?"

"तुम्ही वॉर्ड सोडू नका. मी घेऊन येते त्याला."

"आणि नाही आला तर?"

"नाही कसा येतो! बघतेच मी."

इस्पितळाची गाडी घेऊन बाई निघाल्या. नळवाल्याचं घर फारसं शोधावं लागलं नाही. दारात पाइपांचा ढीग होता आणि मालक पायरीवर बसून एक पाइप कापत होता. अर्धा पाइप कापून धाप लागली की थांबत होता, ते बाईंनी गाडीतूनच हेरलं.

"आलात? आता काय उरलंसुरलं रक्त न्यायचंय?"

"आता तुम्हालाच न्यायचंय. जंतू सापडलाय तुमच्या रक्तात. चला."

"अहो, ताप कुठाय? हात लावून बघा!"

बाईंनी खरंच त्याच्या कपाळाला हात लावला. कोमट होतं. "गेला नाहीये तो. दबा धरून बसलाय. पुन्हा उठला की फुप्फुस धरेल, यकृत धरेल, मग मी काय आणि डॉक्टर काय, हात चोळत बसू. दोन आठवडे इंजेक्शनं आणि मग काही महिने गोळ्या. नुसतं ऐकायचं, की ठणठणीत बरे व्हाल. मी सांगते ना!"

"दोन आठवडे?" नळवाला हसला. "आणि काम? मोठ्या पाइपाचा चर अर्धा खणून पडलाय. आधीच एक माणूस कमी झालाय आमचा."

बाईंनी कान टवकारले. "कमी झालाय म्हणजे? कोण?"

नळवाला पुन्हा पाइप कापायला लागला. उत्तर आलं ते दारातून. त्याची बायको तिथं केव्हाची उभी होती.

"माझा धाकटा भाऊ. ह्यांच्याच हाताखाली चरात उतरायचा. मागच्या महिन्यात गेला."

"कशानं, वहिनी?"

"ताप आला. मग धाप लागली. आम्हाला वाटलं, छातीत कफ झालाय, उतरेल. नाही उतरला." ती पुढे आली. "बाई, हे तुम्ही ह्यांचं सांगताय ना, तेच होतं का त्याला?"

बाईंनी एक 'नाही' म्हटलं असतं तर हिला रात्री झोप तरी लागली असती. आणि मग नवराही म्हणाला असता, बघा, दोघं एकाच चिखलात होतो, त्याला तो जंतू नव्हता, मग मला कुठून असणार! बाईंना तिची कणव आली, पण खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

"त्याचं रक्त कुणी तपासलं नाही, म्हणून छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. पण माझं मत विचाराल तर, तेच असावं."

"मग आणलं असतं तुमच्याकडे तर?"

"वाचला असता, बहुतेक. पण वहिनी, तुम्हाला कसं कळणार होतं? आम्हालाच हे आत्ता कुठे कळायला लागलंय."

ती खाली बसली. "तो म्हणत होता, ताई, मला बरं वाटत नाहीये. मीच म्हटलं, झोप, सकाळी बघू." मग ती रडली, आवाज करून, बाईंसमोर आणि गाडीच्या ड्रायव्हरसमोर. नळवाल्यानं हातातलं पातं खाली ठेवलं. बाई तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे वळली.

"उठा."

"अगं पण तो चर..."

"चर गेला खड्ड्यात. उठा म्हटलं ना!"

नळवाला उठला. घरात जाऊन सदरा चढवून तो बाहेर येईतो बायको गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती. बाईंनी त्याला दंडाला धरून आत चढवलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हाणा."

गाव संपतासंपता रस्त्याकडेला तो चर लागला. चार-पाच गडी गुडघाभर चिखलात अनवाणी उभे राहून खणत होते.

"दादा, जरा थांबवा," वहिनी ड्रायव्हरला म्हणाली. बाई काही विचारायच्या आत ती उतरून मातीच्या ढिगावर जाऊन उभी राहिली.

"कुणाला ताप येतोय? खरं सांगा."

गडी एकमेकांकडे बघून हसले. "आम्ही धडधाकट आहोत, वहिनी," एक जण म्हणाला.

"माझा भाऊपण असंच म्हणायचा. काम सुटेल म्हणून सांगायचा नाही." तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. "मी त्याला घरात ठेवला. तुम्हाला ठेवणार नाही. बोला."

कुणी हसलं नाही. मग अगदी कडेचा, मिशा पांढऱ्या झालेला एक गडी पुढे सरकला. त्यानं फावडं चराला टेकवून ठेवलं आणि वर बघितलं.

"संध्याकाळी भरून येतं अंगात," तो म्हणाला. "चार दिवस झाले."

जंतूबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं. "सरका जरा," त्या नळवाल्याला म्हणाल्या.

वहिनीनं वाकून त्या गड्याचा चिखलानं भरलेला हात धरला, त्याला वर ओढून घेतलं, आणि गाडीपर्यंत तो हात सोडला नाही.