सोलीन गायली तर

"सोलीन बार्दू माझ्या एका इमेलवर येते! आणि सुचेताताई, तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार," असं आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष उल्हासराव टेबल बडवून म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी सुचेताताई पहिल्या रांगेत बसल्याच नाहीत. त्या स्टेजवर बसल्या, सोलीनला चिकटून. अख्ख्या मंडळात फ्रेंच फक्त त्यांनाच येत होतं.

पैज सगळ्यांसमोर लागली होती. सोलीन गायली तर उल्हासराव अध्यक्ष राहणार. नाही गायली तर खुर्ची सुचेताताईंची.

सोलीन म्हणजे चिवट फ्रेंच गायिका. चौदाव्या वर्षी एका गाण्यावर सगळा फ्रान्स नाचवला. गाणी चालेनात तेव्हा सिनेमात घुसली, सिनेमे आपटले तेव्हा टीव्हीवर पोलीस इन्स्पेक्टर झाली, आणि आता साठीत नाटक घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला आली होती. त्या नाटक कंपनीचं तिकिटांचं सॉफ्टवेअर उल्हासरावांची टीम सांभाळायची, म्हणून बिचारीला शहराबाहेर बाडहूव्हडॉर्पला मंडळाने घेतलेल्या हॉलवर यावं लागलं.

आल्याआल्या ती माइककडे निघाली.

"अहो, असं कसं?" उल्हासरावांनी तिला धरून खुर्चीत बसवलं. "आधी सत्कार!"

हॉलचा केअरटेकर हेंक समई पेटवू देईना. मग बॅटरीची समई आणली. तिच्यात सेल नव्हते. मंडळातला यतीन सेल आणायला सायकलवर पळाला, तोवर शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणि स्पॉन्सरचे दोन शब्द. दोन शब्द वीस मिनिटं चालले.

"या वयातही बाईंचा उत्साह दांडगा आहे!" उल्हासराव गरजले.

सुचेताताईंनी सोलीनच्या कानात भाषांतर केलं. सोलीनचा चेहरा आंबट झाला. ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतायत?" उल्हासरावांनी माइकवरूनच विचारलं.

"विचारतायत, हा टकलू कोण?"

हॉल खदखदला.

"सगळंच भाषांतर करायची गरज नाही, ताई!"

"अर्धवट कामं करायची सवय नाही मला. ती तुमची."

शेवटी सेल आले, समई लागली, सोलीन उठली, तिने घसा साफ केला. तेवढ्यात हेंकने हॉलचा मेन स्विच बंद केला. हॉलची वेळ संपली होती. उल्हासराव त्याच्या अंगावर धावून गेले, विनवण्या केल्या, शिव्याही दिल्या. हेंक खुर्च्या गोळा करत राहिला. पब्लिक दर्शनी फॉयरमध्ये वड्यांच्या रांगेला लागलं.

"नाही गायली," सुचेताताई चटणी वाढून घेत म्हणाल्या. "सोडा खुर्ची. आत्ताच मतदान घेते."

सोलीन तणतणत मागच्या दाराने कालव्याकाठी टॅक्सीची वाट बघायला गेली. हेंक हॉलला चावी लावून तिच्यामागे गेला. हातातली टोपी चुरगाळत मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, माझी आई स्वयंपाक करताना तुमचं ते जुनं गाणं लावायची. दोन ओळी म्हणाल?

सोलीनने शाल खांद्यावरून झटकली आणि अख्खं गाणंच म्हणायला घेतलं. आवाज चक्क खणखणीत होता.

"गायली! गायली!" आवाज ऐकून उल्हासराव मागच्या दारातून फोन उगारत धावले. आतले सगळे वडे खाण्यात गुंग. पुरावा हवाच होता. त्यांनी व्हिडिओ चालू केला. सोलीन मावली, हेंक मावेना. साक्षीदार म्हणून हेंकही फ्रेममध्ये पाहिजे, म्हणून ते एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक.

उल्हासराव फोनसकट कालव्यात पडले. हेंकने त्यांना बाहेर काढलं. फोन सापडला नाही. तोवर आत मतदान झालं होतं, सुचेताताई एकमताने निवडून आल्या होत्या.