कुंकवाआडचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. माझ्यात दागिने नाहीत की शिवणाचं सामान. कुणाचं हृदय अचानक बंद पडू लागलं, तर विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं, हे माझं काम.

माझा जन्म परदेशातला. सत्त्याण्णव साली अजितने मला बंगलोरच्या घरी आणलं, कारण त्याचे वडील मल्हारराव एकदा हृदयाच्या झटक्यातून थोडक्यात वाचले होते. मला सांभाळायचं काम त्याच्या बायकोकडे, उल्काकडे आलं. तान्ह्या लेकीला, मैत्रेयीला, कडेवर घेऊन ती दर रविवारी मला तपासायची. छातीला लावायच्या पट्ट्यांचं पाकीट बंद आहे ना, त्यांची मुदत उरली आहे ना, आणि माझा इवलासा दिवा हिरवा आहे ना. लाल झाला, तर मी आजारी समजायचं.

मल्हारराव चिडवायचे, "तिकडे दूध उतू जातंय, आणि सूनबाई पेटीची नाडी बघतायत."

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. अजित बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली यंत्रं पुजून आला, मग घरची पुजली. स्कूटर, मिक्सर, आणि मी. मल्हाररावांनी मला झेंडूची माळ घातली आणि ओलं कुंकू लावलं, ते नेमकं दिव्यावर. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. पण त्याच आठवड्यात माझी बॅटरी उतरली. कुंकवाआड मी लाल झाले, आणि ते कुणाला दिसेना.

रविवारी उल्का ओलं फडकं घेऊन आली.

"पूजेचं कुंकू पुसू नये गं. आपोआप जाऊ दे," मल्हारराव म्हणाले.

ती स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि परत फिरली. "बाबा, देवाची माफी मी मागेन," म्हणाली, आणि पुसू लागली.

कुंकू गेलं. लाल काही गेलं नाही.

मल्हाररावांचं हसू मावळलं. उल्काने कपाटातली राखीव बॅटरी आणून बसवली. मी स्वतःला तपासू लागले. मग दिवा हिरवा झाला. मैत्रेयीला पोटाशी धरून उल्का तिथेच फरशीवर बसली, आणि हसता हसता रडली.

पुढच्या खंडेनवमीला मल्हाररावांनी आधी चष्मा लावला. दिवा पाहिला. "सरी, हिरवा आहे," कानडीत 'ठीक' म्हणत म्हणाले, आणि कुंकू माझ्या मुठीला लावलं.

मित्रांनो, आजवर मला कुणालाच झटका द्यावा लागलेला नाही. समोर मल्हारराव नातीला बशीतला चहा चाखवतात आणि सुनेची बोलणी खातात. मी रिकामी बसून बघते, आणि मला ते फार आवडतं. माझी पूजा जरूर करा. फक्त हात जोडताना डोळे मिटू नका, माझ्या दिव्याकडे बघा.