पंच्यातला एक्का

बदामाचा एक्का पाण्याने फुगला होता. कडा सुटलेल्या, मधला बदाम मात्र तसाच लाल. खिशात बोटाला त्याची खरखर लागत होती आणि भिमाजीला उगीच वाटत होतं, बसमधल्या सगळ्यांना ती ऐकू येतेय.

काल आशाने तो बादलीतून काढला. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर चौघांच्या गुडघ्यांवर जो पंचा अंथरायचा, तो शनिवारी पाळीपाळीने घरी धुवायला न्यायचा असा नियम. या खेपेला पाळी भिमाजीची, आणि उतरायच्या घाईत घडी घालताना एक पान आतच राहिलं. "हे घ्या तुमचं दैवत," एवढंच म्हणून बायकोने ते दोरीवर वाळत घातलं... चिमटा लावून, लेकीच्या, योगिनीच्या गणवेशाशेजारी. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणावर त्याच्याकडे उत्तर होतं, पत्ते सोडायची शपथ होती. अशा किती शपथा — देवळात घेतलेली एक तर सिन्नर यायच्या आत मोडली होती.

पळसे मागे पडलं. मागच्या सीटवर झुंबरने पत्त्यांचा नवा कॅट फोडून पिसायला घेतला. ती सरसर कानावर आली की भिमाजीच्या छातीत काहीतरी ताठ उभं राहायचं. पैशाचं नव्हतं ते. पान उचलण्याआधीचा क्षण — पालथं पान, अजून काहीही असू शकणारं... त्या क्षणापायीच तर गेल्या फाल्गुनात, योगिनीला ताप, तिला दवाखान्यात न्यायचं ठरलेलं, ती स्टॉपवर उभी, बस थांबली, तिने खिडकीतून त्याला पाहिलं, त्यानेही तिला पाहिलं — आणि त्याने मान खाली घालून पान पाहिलं. पुढच्या स्टॉपवरून पळत आला तोवर पोर एकटीच निघून गेली होती. आईला तिने अजून सांगितलेलं नाही. का सांगत नाही?

"भिमाजीभाऊ, पंचा आणला का?" वाल्मीकने विचारलं.

त्याने दिला. झुंबरचे हात थांबले. "पंचा आला, एक्का नाय आला. घरी जाऊन मोजले, एक्कावन्न भरले. नवा कॅट आणावा लागला."

"यांना काय विचारतो?" वाल्मीक हसला. "हे सोताचं पान बघायला घाबरतात, लपवणार काय कपाळ!"

"शनिवारी जिंकलं कोण?" झुंबरने विचारलं.

शनिवारचा डाव भिमाजीनेच मारला होता.

खरं सांगणं सोपं होतं. पंच्यात राहिला, धुतला गेला, परत द्यायला आणलाय. शब्द ओठांपर्यंत आले. मग दोरीवरचा गणवेश डोळ्यांपुढे आला, त्याच्या शेजारी वाऱ्यावर डोलणारा तो एक्का, आणि ते शब्द तिथेच राहिले. त्याने पान काढून पंच्यावर ठेवलं.

"माझ्याकडे होता."

"आयला! बुटात लपवला होता का? घामानं पार फुगलाय!" झुंबर ओरडला. "कवापासून चाललंय हे?"

भिमाजीने पंच्याची दुमडलेली कड सरळ केली.

"ऊठ. हितून पुढं तुला पान वाटायचं नाय."

काल-परवापर्यंत झुंबर त्याला अहो-जाहो करायचा. भिमाजी उठला, दांडा धरत धरत पुढे आला, ड्रायव्हरमागच्या रिकाम्या सीटवर बसला. मागून वाल्मीक हळूच म्हणाला, "तिघांत मजा नाय येत, राव..."

बस मोहदरीचा घाट चढत होती. किती वर्षांत हा घाट पाहिला नव्हता! कपाळाला घाम, आणि अंग ताप उतरल्यासारखं हलकं. दुपारपर्यंत कंपनीच्या सगळ्या शॉपमध्ये बोभाटा होईल — भिमाजी पत्ते चोरतो. होऊ दे. शपथ मोडता आली असती, हे मोडता येणार नव्हतं. चोरलंच होतं की, हे पान नाही, लेकीच्या वाट्याचं काही... त्याला हसू आलं. न बघता एवढा मोठा डाव आपण कधी लावला नव्हता. आणि लगेच धास्ती वाटली, कारण छातीत उभं राहिलेलं ते तेच होतं, ओळखीचं.

हात खिशात गेला. खिसा रिकामा. बोटं थोडा वेळ तिथेच चाचपडली, मग निवली.

संध्याकाळी पुढच्या दाराने, आपल्याच स्टॉपवर उतरायचं, एवढंच त्याला दिसत होतं. त्यापुढचं पान पालथं होतं. आणि ते उचलायची आज घाई नव्हती.